पवईचे रशियन यंत्र, जुहूची अमेरिकन तार

रशियन आणि अमेरिकन माणसांना संगणकाने जवळ आणले, ही कथा सॅन फ्रान्सिस्को आणि मॉस्कोभोवतीच फिरते. तीत मुंबई यायला हवी, आणि नागपूरची अनुपस्थितीही.

पवईची आयआयटी १९५८ साली युनेस्कोमार्फत मिळालेल्या सोव्हिएत साहाय्याने उभी राहिली. तिथे ‘मिन्स्क-२’ हा सोव्हिएत संगणक होता. याच आयआयटीची आणि जुहूच्या एनसीएसटीची १९८७ साली ई-पत्रांची देवाणघेवाण सुरू झाली आणि १९८९ साली एनसीएसटी अमेरिकेच्या ‘यूयूनेट’ला जोडली गेली. दोन्ही महासत्तांचे धागे एकाच शहरात!

मग नागपूर का नाही? तंत्राची अडचण हे उत्तर पटणारे नाही. आरंभीचा पत्रव्यवहार यूयूसीपी पद्धतीने चाले : एक संगणक दुसऱ्याला साध्या दूरध्वनीवरून फोन लावी, साठलेली पत्रे देई-घेई आणि फोन ठेवी. याच पद्धतीवर १९९० साली मॉस्कोत ‘रेल्कॉम’ उभे राहिले आणि वर्षभरात कितीतरी सोव्हिएत शहरांत पोहोचले. म्हणूनच ऑगस्ट १९९१च्या बंडात, सरकारी दूरचित्रवाणीवर बॅले चालू असताना, मॉस्कोची बातमी अमेरिकेपर्यंत गेली.

दूरध्वनीची तार नागपुरातही होती (तिची अवस्था हा वेगळा विषय). पण ‘अर्नेट’ प्रकल्पाने आरंभी आठच संस्था निवडल्या. नागपूरचे विश्वेश्वरय्या प्रादेशिक अभियांत्रिकी महाविद्यालय त्यांत नव्हते. हा धोरणाचा निर्णय होता. १५ ऑगस्ट १९९५ रोजी इंटरनेट सर्वांसाठी खुले झाले, तेही मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास येथे. त्या यादीतही नागपूर नव्हते.