घर पाडलं, लाकडाचं काय केलं?

सुट्टीत सुरगाण्याला घरी जात असाल, तर हे दृश्य तुमच्या ओळखीचं असेल. घरकुल मंजूर झालं की जुनं घर उतरवायला घेतात. आधी कौलं, मग वासे, मग आढं, शेवटी सागाचे खांब. कारवीचा नाहीतर बांबूच्या कामट्यांचा कुड पाडायला फारसा वेळ लागत नाही. त्याच जागेवर सिमेंटची पोती येऊन पडतात. उतरवलेलं लाकूड परसात रचलं जातं. त्यातलं थोडं नव्या दारा-खिडक्यांना लागतं, थोडं विकलं जातं आणि उरलेलं चुलीत जातं.

या चुलीत जाणाऱ्या लाकडाबद्दलच आज बोलायचंय.

सध्या जगभर लाकडी इमारतींची चर्चा आहे. नॉर्वेत २०१९ मध्ये ८५ मीटर उंचीची लाकडी इमारत उभी राहिली. अमेरिकेत मिलवॉकीला २०२२ मध्ये २५ मजली इमारत झाली. तिचे खालचे मजले काँक्रीटचे आणि वरचे लाकडाचे आहेत. आपल्याकडे केंद्रीय सार्वजनिक बांधकाम विभागाने जंगलं वाचावीत म्हणून १९९३ मध्ये लाकडाच्या वापरावर बंदी घातली होती. ती २०२० मध्ये उठली. कारण सरळ आहे. झाड हवेतला कार्बन डायऑक्साइड घेतं आणि लाकडात साठवतं. सिमेंटचं उलट. चुनखडी भाजताना इंधनाचा धूर होतोच, शिवाय त्या दगडातूनही कार्बन डायऑक्साइड सुटतो. जगाच्या एकूण कार्बन डायऑक्साइडमध्ये सिमेंटचा वाटा ७ ते ८ टक्के आहे.

आता वही-पेन घ्या. समजा, तुमच्या आजोबांच्या घराचा एक खांब ३ मीटर उंच आणि २० सेंटिमीटर जाड आहे. सुक्या सागाच्या हिशोबाने त्याचं वजन साधारण ६० किलो भरेल. लाकडाच्या वजनातला निम्मा भाग कार्बन असतो, म्हणजे ३० किलो. कार्बन डायऑक्साइडमध्ये मांडला तर सुमारे ११० किलो. सिमेंटच्या ५० किलोच्या एका पोत्यामागे ढोबळमानाने ३० ते ४० किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. म्हणजे तो एक खांब जाळला, तर जवळपास तीन पोत्यांइतका कार्बन हवेत गेला. असे दहा-बारा खांब असतील तर? गुणाकार तुम्हीच करा.

पण थांबा! लगेच 'लाकूड चांगलं, सिमेंट वाईट' असं स्टेटस टाकू नका. या हिशोबात तीन खाचा आहेत.

पहिली, झाड तोडलं की त्याचा सगळा कार्बन खांबात येत नाही. फांद्या, मुळं, साल, भुसा हे सगळं कुजतं किंवा जळतं. दुसरी, तोडलेल्या जागी नवं झाड वाढलं तरच जमाखर्च जुळतो. सागाला खांबाएवढं व्हायला काही दशकं लागतात. परत न वाढणाऱ्या जंगलातून आणलेल्या लाकडाचं घर कितीही देखणं असलं, तरी हवेच्या वहीत ते उधारीवरच असतं. तिसरी खाच वेळेची. खांब शंभर वर्षं उभा राहिला, तर कार्बन शंभर वर्षं अडकून राहतो. वीस वर्षांत वाळवीने खाल्ला, तर वीसच.

आणि एक खाच माणसाची. कुडाचं घर उन्हाळ्यात गार असतं, हे खरं. पण दरवर्षी ते सारवायचं कोणी? पावसाळ्याआधी कौलं कोणी चाळायची? सुरगाण्याच्या धो-धो पावसात गळतं घर, भिंतीतून शिरणारे उंदीर आणि साप ज्यांनी सोसले, त्यांना पक्कं घर हवंसं वाटलं तर चूक काय? पर्यावरणाचा भार तेवढा आदिवासींनी उचलायचा आणि शहराने टॉवर बांधायचे, हा हिशोब कोणत्याच वहीत बसत नाही.

मग मधला रस्ता आहे का? आहे, आणि तो नियमांतूनच जातो. प्रधानमंत्री आवास योजनेत ग्रामीण घर किमान २५ चौरस मीटरचं असावं लागतं. डोंगराळ भागासाठी अनुदान १ लाख ३० हजार रुपयांचं ठरलेलं. 'पक्कं' म्हणजे योग्य देखभालीत किमान ३० वर्षं टिकेल असं घर. ते फक्त सिमेंटचंच हवं, अशी अट त्यात नाही. केंद्रीय ग्रामविकास मंत्रालयाच्या 'पहल' या संग्रहात माती, बांबू अशा स्थानिक साहित्याच्या घरांचे नमुने आहेत. पाया आणि जोतं दगडाचं, भिंती मजबूत, छताला जुने वासे किंवा प्रक्रिया केलेला बांबू, असं घर पक्क्याच्या व्याख्येत बसू शकतं.

बांबूचं गणित तर आणखी सोपं. तीन-चार वर्षांत तो तोडायला येतो आणि त्याच बेटातून पुन्हा फुटतो. भुंगा लागू नये म्हणून बोरॅक्स-बोरिक ॲसिडच्या पाण्यात मुरवला, तर तो कितीतरी जास्त टिकतो. २००६ च्या वनहक्क कायद्याने बांबूला गौण वनोपज ठरवलं. २०१७ मध्ये वन कायद्यात बदल झाला आणि जंगलाबाहेरचा बांबू 'झाड' या व्याख्येतून वगळला गेला. गडचिरोलीच्या मेंढा (लेखा) गावाने २०११ मध्ये बांबूच्या वाहतुकीचा परवाना ग्रामसभेच्या हाती मिळवून दाखवला. सह्याद्रीच्या या टोकालाही तो हक्क तितकाच लागू आहे.

तुम्ही काय करू शकता? पुढच्या सुट्टीत टेप घेऊन घरी जा. घर उतरवायचं ठरलं असेल, तर आधी खांब, आढी, वासे मोजून लिहून ठेवा. कोणतं लाकूड नव्या छताला चालेल, कोणतं चौकटीला, हे गावच्या सुताराला विचारा. त्याला ते इंजिनिअरपेक्षा जास्त कळतं. सिव्हिल किंवा आर्किटेक्चरला असाल, तर हाच प्रोजेक्टचा विषय घ्या. नाशिकच्या पडणाऱ्या वाड्यांनाही तो लागू पडतो.

नव्या घरासाठी नवं झाड तोडावं की नाही, यावर वाद होईल. उभं असलेलं लाकूड जाळू नये, यावर तरी नको. आजोबांनी ज्या खांबाला टेकून गप्पा मारल्या, तो नव्या घरात कुठेतरी उभा राहू द्या.