लाइट बंद करून देतो ना भाऊ!

मागच्या उन्हाळ्यात बाबांच्या कंबरेने संप पुकारला. गाडी आमची सेकंडहँड सेडान. सीट सरकवायची तर वाकून खालचा दांडा ओढायचा आणि पायाने जोर लावायचा, की बाबांचं "आई गं" ठरलेलं. म्हटलं, इलेक्ट्रिक सीट बसवून टाकू. नागपुरातल्याच एका अ‍ॅक्सेसरीवाल्याने दुसऱ्या गाडीची काढलेली सीट शोधून दिली, आमची जुनी बदल्यात ठेवून घेतली आणि दोन तासांत काम फत्ते!

फक्त डॅशबोर्डवरचा एअरबॅगचा दिवा विझेना.

"लाइट बंद करून देतो ना भाऊ, टेन्शन कायले घेता?" असं म्हणून तो सीटखाली घुसला. पाच मिनिटांत दिवा गायब. मी खूश होऊन वर शंभर रुपये दिले.

त्याच सीटवर बसून आम्ही समृद्धीवरून शिर्डीला जाऊन आलो. एका बाजूने ५२० किलोमीटर, वेगमर्यादा ताशी १२०.

पुढे एकदा बाबांची चिल्लर सीटच्या रुळात पडली आणि मोटर कण्हायला लागली. टॉर्च घेऊन वाकलो, तर खाली एक पिवळा सॉकेट, त्यात खुपसलेला बारीकसा रेझिस्टर आणि वरून टेप. इंजिनीअरिंगची चार वर्षं अशी कामी येतील वाटलं नव्हतं. आमच्या मूळ सीटच्या कडेला साइड एअरबॅग होती, या सीटमध्ये ती नव्हतीच. गाडी सुरू होताना कंट्रोल युनिट प्रत्येक एअरबॅगच्या सर्किटचा रेझिस्टन्स तपासतं. दोनेक ओहम मिळाले की त्याला वाटतं, एअरबॅग जागेवर आहे. आमच्या भाऊने तेवढे ओहम पुरवले होते.

आपल्या धंद्यात हे रोज चालतं. एक्सेप्शन पकडायचं आणि कॅच ब्लॉक रिकामा ठेवायचा. कोड पळतो, लॉग स्वच्छ, क्लायंट खूश. आपलं प्रॉडक्शन पडलं तर फार तर रात्री दोनला फोन येतो. इथे सीटवर बाबा होते.

पण खरं सांगू? त्याला एकट्याला शिव्या घालून भागत नाही. मला दिवा विझायला हवा होता, त्याने तो विझवून दिला. का लागलाय, हे मी विचारलंच नाही. सीटबेल्ट न लावता बीप बंद करणाऱ्या त्या क्लिपा आठवतात? मे २०२३ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने पाच ई-कॉमर्स कंपन्यांना त्या काढून टाकायचे आदेश दिले. विकल्या जात होत्या म्हणजे घेणारे आपणच होतो ना!

माझं मत एवढंच, की सीट म्हणजे सोफा नव्हे. बहुतेक गाड्यांत बेल्टचं बक्कल तिलाच असतं आणि धडकेत तिचा-तुमचा भार मोजक्या बोल्टांवर येतो. बदलायचीच असेल तर आपल्याच मॉडेलच्या वरच्या व्हेरिअंटची, पार्ट नंबर जुळवून घ्या. सीटमध्ये एअरबॅग असेल तर काम सर्व्हिस सेंटरमध्येच. बॅटरीचा निगेटिव्ह काढून मॅन्युअलमध्ये दिलेली मिनिटं थांबल्याशिवाय पिवळ्या सॉकेटला हात लावायचा नाही. बोल्ट अंदाजाने न आवळता टॉर्क रेंचने. मोटरला फ्यूजसकट स्वतंत्र लाइन, लायटरच्या वायरमधून जुगाड नको. शेवटी स्कॅनर लावून फॉल्ट कोड बघा. दिवा इग्निशन ऑन केल्यावर काही सेकंद लागून आपोआप विझला पाहिजे. अजिबात लागतच नसेल तरी संशय घ्या.

कंपनीची इलेक्ट्रिक सीट असेल तर निगा सोपी आहे. महिन्यातून एकदा ती पूर्ण पुढे-मागे करून रुळातली धूळ व्हॅक्युमने काढा. तेल शिंपडू नका, त्यावर धूळ चिकटते. टोकाला पोहोचली की बटण सोडा. सीट पाणी ओतून धुवू नका. साइड एअरबॅग असेल तर तिचं तोंड बंद करणारं कव्हर चढवू नका. आणि ४७.९ डिग्री पाहिलेल्या (मे २०१३!) आपल्या गावात गाडी सावलीत लावा, लेदरेटला भेगा जातात.

असो. आमची मूळ सीट नशिबाने दुकानाच्या माळ्यावर पडून होती. सर्व्हिस सेंटरमध्ये नेऊन, तपासून घेऊन परत बसवली. बाबांना सगळं सांगताना घशाला कोरड पडली होती. ते ऐकून घेत म्हणाले, "म्हणजे शिर्डीच्या रस्त्यावर साईबाबाच एअरबॅग होते म्हण!"

आता बाबा बसण्याआधी मी वाकून दांडा ओढतो आणि सीट सरकवून देतो. पाच सेकंद लागतात.