शेवटचा हात

फेब्रुवारी २०१६ मध्ये मुंबईच्या वांद्रे-कुर्ला संकुलात ‘मेक इन इंडिया’ सप्ताहाचे प्रदर्शन भरले होते. मोठमोठ्या कंपन्यांच्या यंत्रसामग्रीच्या गर्दीत तेथे एक सहा आसनी विमान उभे होते. ते कोणत्याही कारखान्यातून आलेले नव्हते. कांदिवलीच्या चारकोप भागातील एका इमारतीच्या गच्चीवर ते बांधले गेले होते, आणि क्रेनच्या साह्याने खाली उतरवून प्रदर्शनात आणले गेले होते. व्यवसायाने वैमानिक असलेल्या कॅप्टन अमोल यादव यांची ही कित्येक वर्षांची खटपट. पुढे नोव्हेंबर २०१७ मध्ये नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने या विमानाची नोंदणी केली, ऑक्टोबर २०१९ मध्ये त्याला उड्डाणाचा परवाना मिळाला आणि २०२० साली धुळ्याच्या धावपट्टीवर त्याच्या चाचण्या झाल्या.

एका मराठी माणसाच्या जिद्दीची ही कथा आपल्या वर्तमानपत्रांनी मनापासून सांगितली आणि ते योग्यच झाले. परंतु आपल्या कौतुकाची एक रीत आहे. गच्ची, क्रेन, परवाना आणि उड्डाण एवढ्यावरच ते थांबते. त्या यंत्राच्या आत, वैमानिक जेथे बसतो त्या कक्षात, अखेरच्या टप्प्यावर कोणते काम करावे लागते, याची चौकशी कोणी केली नाही. अर्थशास्त्राच्या अध्यापकाने विमानाच्या रंगरंगोटीविषयी लिहावे हे वाचकांना अप्रस्तुत वाटेल. तथापि या शेवटच्या कामात आपल्या उद्योगजीवनाचे एक मोठे दुखणे दडलेले आहे, आणि ते विमानापेक्षा आपल्या जिल्ह्यातील ट्रॉलीला अधिक लागू आहे.

प्रथम विमानाचे पाहू. घरी बांधल्या जाणाऱ्या कोणत्याही विमानाच्या कॉकपिटला रंग देणे म्हणजे घराच्या भिंतीला चुना देणे नव्हे. अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा वरवर गुळगुळीत आणि स्वच्छ दिसतो. पण त्यावर बोटाचा तेलकट ठसा राहिला तरी रंग धरत नाही, आणि काही महिन्यांत पापुद्रे सुटू लागतात. म्हणून आधी सफाई, मग पृष्ठभाग किंचित खरबरीत करणे, मग गंजाला अटकाव करणारे अस्तर आणि त्यानंतर रंगाचा हात, हा क्रम मोडता येत नाही. दुसऱ्या महायुद्धातील अनेक अमेरिकी विमानांच्या अंतर्भागाचा तो ओळखीचा पिवळसर हिरवा रंग शोभेसाठी नव्हता. झिंक क्रोमेट या गंजरोधक अस्तराचा तो रंग होता.

शिवाय रंगाला वजन असते. अमेरिकेच्या अंतराळयानाची बाह्य इंधनटाकी १९८१ मधील पहिल्या दोन उड्डाणांत पांढरी रंगविलेली होती. पुढे तो रंग देणे थांबविले, आणि सुमारे २७० किलोग्रॅम वजन वाचले. लहान विमानात हिशेब किलोचा असतो, पण तो तितकाच कठोर असतो. रंग, गालिचा, आसनांचे कापड, आतील अस्तर यांतील प्रत्येक वस्तू प्रवाशाच्या किंवा इंधनाच्या वाट्यातून आपले वजन घेते. म्हणून सर्व काम संपल्यावर विमान तोलावे लागते आणि त्याचा गुरुत्वमध्य कोठे पडतो हे ठरवावे लागते.

वैमानिकाच्या पुढ्यातील फळीचा वरचा भाग चकचकीत केला तर सूर्यप्रकाशात त्याचे प्रतिबिंब समोरच्या काचेवर पडते आणि बाहेरचे दिसेनासे होते. म्हणून तेथे निस्तेज, बहुधा काळा रंग हवा. आतील कापड आणि अस्तर कसे जळते हेही पाहावे लागते. २ सप्टेंबर १९९८ रोजी स्विसएअरचे १११ क्रमांकाचे विमान कॅनडाच्या किनाऱ्याजवळ समुद्रात कोसळले आणि २२९ माणसे गेली. कॉकपिटच्या छतामागे लागलेली आग उष्णतारोधक थरावरील आवरणामुळे पसरली, असे चौकशीत निष्पन्न झाले. जे आवरण प्रवाशांच्या दृष्टीसही पडत नाही, त्याने जीव घेतले.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. रंगाचे काम दुहेरी आहे. तो धातूचे रक्षण करतो आणि धातूचे दोष झाकतोही. आमच्या नेकनूरच्या जनावरांच्या बाजारात शिंगे रंगवून, अंगावर झूल घालून बैल उभा केला, तरी जाणता शेतकरी प्रथम त्याचे दात पाहतो, खूर पाहतो, चार पावले चालवून पाहतो. शिंगांचा रंग वय सांगत नाही, हे त्याला शिकवावे लागत नाही. अमेरिकी अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज अ‍ॅकरलॉफ यांनी १९७० साली जुन्या मोटारींच्या बाजाराचे उदाहरण घेऊन हेच सैद्धांतिक भाषेत मांडले. विक्रेत्याला मालाचा दोष ठाऊक असतो, गिऱ्हाईकाला नसतो. परिणामी गिऱ्हाईक सर्वच मालाला हलकी किंमत देऊ लागते, आणि चांगला माल असणारा बाजारातून निघून जातो. या विचारासाठी त्यांना २००१ साली नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला.

विमानाच्या क्षेत्रात या विषमतेवर दोन उपाय योजलेले दिसतात. पहिला उपाय असा की, कोणताही भाग कायमचा झाकण्यापूर्वी दुसऱ्या जाणत्या माणसाने तो पाहावा. अमेरिकेत १९५३ साली पॉल पोबेरेझ्नी यांनी हौशी विमान बांधणाऱ्यांची ‘एक्सपेरिमेंटल एअरक्राफ्ट असोसिएशन’ स्थापन केली. त्या संस्थेचे अनुभवी सभासद नवख्यांच्या शेडमध्ये जाऊन, पत्रा बंद होण्याआधी रिव्हेटा आणि जोड तपासून सल्ला देतात. दुसरा उपाय अधिक बोलका आहे. अशा विमानाच्या प्रवेशाजवळ ‘एक्सपेरिमेंटल’, म्हणजे ‘प्रायोगिक’, हा शब्द किमान दोन इंच उंचीच्या अक्षरांत लिहावा लागतो. हे विमान नेहमीच्या विमानांच्या सुरक्षा-नियमांनुसार बनलेले नाही, अशी सूचनाही प्रवाशाला दिसेल अशा जागी लावावी लागते. सगळा रंग देऊन झाल्यावर बांधणाऱ्याने स्वतःच्या हाताने स्वतःच्या मर्यादेची पाटी लावायची! प्रामाणिकपणा हा तेथे स्वभावाचा भाग म्हणून सोडून दिलेला नाही, तो रंगकामाचाच एक टप्पा केलेला आहे.

याउलट आपल्याकडे दोन टोके दिसतात. एका टोकाला पुराव्यावाचूनचा अभिमान. शिवकर बापूजी तळपदे यांनी १८९५ साली मुंबईच्या चौपाटीवर विमान उडविले, ही कथा आपण पिढ्यान्‌पिढ्या सांगतो, पण तिला तत्कालीन भरवशाचा आधार नाही. ज्या ‘वैमानिकशास्त्रा’चा हवाला या संदर्भात दिला जातो, त्यातील विमाने उडू शकणार नाहीत, असा निष्कर्ष बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील संशोधकांनी १९७४ सालीच काढला. दुसऱ्या टोकाला ज्याने खरोखर यंत्र उभे केले त्याला कागदपत्रांसाठी वर्षानुवर्षे ताटकळत ठेवणे. नियम नकोत असे कोणी म्हणणार नाही. आकाशातून पडणारे यंत्र बांधणाऱ्याच्याच डोक्यावर पडेल अशी खात्री नसते. परंतु नियम असा असावा की, तो काम पुरे होण्यापूर्वी मार्ग दाखवील. १९३४ चा विमान कायदा जाऊन १ जानेवारी २०२५ पासून भारतीय वायुयान अधिनियम लागू झाला आहे. या नव्या कायद्याखाली हौशी बांधणीसाठी सुटसुटीत आणि टप्प्याटप्प्याने तपासणी करणारी पद्धत रुजली, तर गच्चीवरचा पुढचा माणूस एकाकी राहणार नाही.

येथे एक रास्त आक्षेप येईल. ज्या बीड शहराला रेल्वेगाडी पाहण्यासाठी सप्टेंबर २०२५ उजाडावा लागला, ज्या जिल्ह्यातून दरसाल लक्षावधी माणसे कोयता घेऊन ऊस तोडण्यास बाहेर पडतात, तेथे घरगुती विमानाची चर्चा म्हणजे उपाशी माणसापुढे पक्वान्नांची यादी वाचणे नव्हे काय? हा आक्षेप मला मान्य झाला असता, जर माझ्या वर्गातील एका विद्यार्थ्याने माझे डोळे उघडले नसते.

हा मुलगा पदवीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. दसऱ्यापूर्वीचे दोन महिने तो तासांना दिसत नाही. हंगामाच्या तोंडावर ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या दुरुस्त होऊन रंगतात, आणि तो एका शेडमध्ये रंगाचे काम करतो. मजुरी ट्रॉलीमागे ठरलेली. तोंडाला रुमाल बांधून, चारी बाजूंनी पत्रे असलेल्या जागेत तो स्प्रे गन चालवितो. गेल्या हंगामापूर्वी हजेरीविषयी जाब विचारण्यास मी त्याला बोलावले, तेव्हा तो खोकत होता. बोलता बोलता त्याने एक गोष्ट सांगितली. एका ट्रॉलीच्या हुकाजवळ वेल्डिंगला भेग गेलेली त्याला दिसली. त्याने ती दाखविली, तेव्हा ‘लांबी भर आणि रंग मार’ एवढेच उत्तर मिळाले. त्याने हात थांबविला. त्या दिवसाची मजुरी बुडाली आणि ट्रॉली दुसऱ्याने रंगविली. ‘सर, रंग चांगला बसला म्हणजे खाली काय होते ते कोणी विचारीत नाही,’ तो म्हणाला. हजेरीचा जाब विचारणे माझ्याने झाले नाही.

त्या ट्रॉलीतून ऊसच जातो असे नाही. दसरा-दिवाळीच्या सुमारास आमच्या पाटोदा, शिरूर, धारूर, वडवणीच्या रस्त्यांवर पाहावे. भांडीकुंडी, सरपण, शेळ्या, म्हातारी माणसे आणि तान्ही मुले, असा सारा संसार त्या ट्रॉलीवर चढलेला असतो. गच्चीवरच्या विमानात सहा माणसे बसतात. त्याची तपासणी देशाचे महासंचालनालय करते. ट्रॉलीवर वीस माणसे बसतात आणि तिची भेग पाहणारा शेवटचा डोळा एका रोजंदारीच्या पेंटरचा असतो. त्या डोळ्याला आपण अधिकार दिलेला नाही, शिक्षण दिलेले नाही आणि त्याच्या छातीला साधे संरक्षणही दिलेले नाही.

या शेवटच्या गोष्टीकडे केवळ दयाबुद्धीने पाहू नये. क्रोमेटयुक्त अस्तरातील षट्‌संयुजी क्रोमियम कर्करोगकारक आहे. दोन डब्यांतील द्रव्ये मिसळून फवारल्या जाणाऱ्या पॉलियुरेथेन रंगांतील आयसोसायनेटमुळे दमा जडतो. रुमाल या दोहोंना अडवीत नाही. घरगुती आणि सजावटीच्या रंगांतील शिशाचे प्रमाण दशलक्षांत ९० भागांवर आणणारा नियम १ नोव्हेंबर २०१७ पासून देशात लागू झाला, परंतु नावाप्रमाणेच त्याची कक्षा घरगुती आणि सजावटीच्या रंगांपुरती आहे. कारखान्यांच्या सुरक्षेचे कायदे दोन-तीन माणसांच्या शेडपर्यंत पोचत नाहीत. मालकाची बचत होते ती पेंटरच्या फुप्फुसाच्या आणि प्रवाशाच्या जिवाच्या खर्चाने. अर्थशास्त्रात याला बाह्य खर्च म्हणतात. मराठीत त्याला सरळ शब्द आहे : दुसऱ्याच्या जिवावर केलेला व्यापार.

यावर उपाय अवाढव्य नाहीत. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांनी हंगामापूर्वी रंगकाम करणाऱ्यांसाठी पंधरा दिवसांचे वर्ग घ्यावेत. त्यांत पृष्ठभागाची तयारी, वेल्डिंगची भेग ओळखणे आणि योग्य मुखवटा वापरणे एवढे शिकवावे. ट्रॉलीला अस्तर चढण्यापूर्वी हुक, आस आणि जोड यांची तपासणी झाल्याचा साधा दाखला असावा, आणि जो साखर कारखाना वाहतुकीचा करार करतो त्याने तो मागावा. दाखला देण्याचे काम तंत्रनिकेतनांतील अध्यापक-विद्यार्थी करू शकतील. खर्च ट्रॉलीच्या किमतीच्या मानाने नगण्य ठरेल. मुख्य म्हणजे रंगविणाऱ्याला ‘थांबा’ म्हणण्याचा हक्क असला पाहिजे, आणि तो वापरल्यास त्याची मजुरी बुडता कामा नये.

फेब्रुवारी २०१८ मध्ये विमाननिर्मितीसाठी राज्य शासनाने कॅप्टन यादव यांच्या कंपनीशी पस्तीस हजार कोटी रुपयांचा सामंजस्य करार केला होता. अशा आकड्यांनी छाती फुगते. परंतु करार हे पहिल्या हाताचे काम आहे. उद्योग उभा राहतो तो शेवटच्या हाताने. झाकण्यापूर्वी तपासणारा, तोलणारा, आणि उणीव असेल तर तिची पाटी लावणारा तो हात असतो. ज्या समाजात त्या हाताला प्रतिष्ठा नाही, तेथे गच्चीवर एखादे विमान जिद्दीने तयार होईल. विमानांचा उद्योग मात्र तयार होणार नाही.

येत्या दसऱ्यापूर्वी तो विद्यार्थी पुन्हा त्याच शेडमध्ये असेल, कारण घरची गरज तशी आहे. भेग दिसली तर तो या वेळी काय करील, हे मला सांगता येत नाही. ते त्याच्या एकट्याच्या धैर्यावर सोपवून आपण स्वस्थ बसावे काय, एवढाच प्रश्न आहे.