गाठ दिसली म्हणजे कर्करोग नव्हे



गरोदरपणातील अंडाशयाच्या गाठींवरचा गेल्या अंकातील लेख वाचला. ‘संशय आला की लगेच शस्त्रक्रिया’ हा त्यातला सूर पटला नाही.

माझ्या सुनेच्या गाठीबद्दल गरोदरपणाच्या तिसऱ्या महिन्यात असाच संशय आला होता. सोनोग्राफीत अंडाशयातल्या जुन्या चॉकलेट सिस्टमध्ये (गर्भाशयाच्या अस्तरासारख्या पेशींच्या गाठीत) कोंबासारखे उंचवटे दिसले, त्यांत रक्तप्रवाहही होता. ‘सीए-१२५’ या कर्करोगाच्या संशयात पाहिल्या जाणाऱ्या रक्तचाचणीचा आकडा ३५च्या वर, म्हणून लाल शाईने गोल केलेला. त्या रात्री घरात कोणी जेवले नाही. पुढे तज्ज्ञांनी उलगडा केला: संप्रेरकांमुळे गर्भाशयाचे अस्तर जाड होते, तसेच या गाठीतले अस्तरही फुगते आणि कर्करोगाचे सोंग घेते. ‘सीए-१२५’ तर सुरुवातीच्या महिन्यांत एरवीही वाढतो. एमआरआय केला, दर काही आठवड्यांनी सोनोग्राफी झाली. बाळंतपणानंतर उंचवटे विरले.

गरोदरपणात अंडाशयात होणारा ‘ल्युटिओमा’ही असाच फसवा. भरीव दिसतो, कधी आईच्या चेहऱ्यावर लव वाढते. पण बाळंतपणानंतर तो आपोआप ओसरतो.

गाठ झपाट्याने वाढली, पोटात पाणी झाले किंवा पीळ पडून असह्य दुखू लागले, तर शस्त्रक्रिया टाळू नयेच. पण घाई आणि तत्परता यांत फरक आहे, एवढेच.

– एक वाचक, सांगली