सटाण्याच्या पाट्या

मराठी वाङ्मयाचा इतिहास शिकवताना आपण आरंभ शिलालेखांपासून करतो. आक्षीचा लेख, त्याचा काळ आणि त्यावरचे वाद यांत एखादा तास सहज जातो. मात्र तो लेख मुळात काय होता, हा साधा प्रश्न क्वचितच विचारला जातो. देवीला दिलेले दान चारचौघांत जाहीर करणारी ती एक पाटीच होती. ज्या भाषेच्या अभ्यासाला पाटीपासून सुरुवात होते, त्या भाषेचे प्राध्यापक आणि विद्यार्थी आपल्या गावातल्या पाट्या न वाचता रोज त्यांच्याखालून जातात, याचे नवल वाटते.

नाशिक जिल्ह्यातले सटाणा हे तालुक्याचे गाव घेऊ. एस.टी.च्या पाटीवर 'सटाणा' असते. तहसील कचेरीच्या पाटीवर आणि शेतकऱ्याच्या सातबाऱ्यावर मात्र तालुका 'बागलाण'. परगावचा माणूस इथे हमखास गोंधळतो. बागलाण हे बागुल राजांचे राज्य होते आणि मुल्हेर त्यांची राजधानी. या घराण्यावर रुद्रकवीने १५९६ मध्ये 'राष्ट्रौढवंशमहाकाव्य' हे संस्कृत काव्य रचले. १६३८ मध्ये औरंगजेबाने मुल्हेर घेतले आणि राज्य संपले. महाकाव्य आज मोजक्या अभ्यासकांपुरते उरले आहे. राज्याचे नाव मात्र महसूल खात्याच्या रबरी शिक्क्यात शाबूत आहे. राजवंशाची स्मृती टिकवण्याचे काम कवीपेक्षा कारकुनाच्या हातून अधिक झाले, हे आपण साहित्याच्या लोकांनी नम्रपणे मान्य करावे.

सटाण्याहून पश्चिमेकडे निघावे तर वाटेत आधी ताहाराबाद लागते, मग मुल्हेर, मग साल्हेर. ताहाराबाद हे नाव उघडच फारसी वळणाचे आहे. मुल्हेरचा संबंध परंपरा मयूरगिरीशी जोडते. साल्हेर म्हटले की १६७२ ची लढाई आठवते. एवढा इतिहास अंतर दाखवणाऱ्या फलकांवर, किलोमीटरच्या आकड्यांसह, लिहिलेला आहे.

पण सटाण्याची खरी विलक्षण पाटी 'देवमामलेदार' ही आहे. यशवंत महादेव भोसेकर हे एकोणिसाव्या शतकात इथे मामलेदार होते. १८७०-७१ च्या दुष्काळात त्यांनी सरकारी खजिना रयतेत वाटला आणि तपासणीच्या वेळी तो पुरेपूर भरला, अशी आख्यायिका आहे. १८८७ मध्ये ते वारले. आरम नदीकाठी त्यांचे मंदिर आहे आणि मार्गशीर्ष वद्य एकादशीला त्यांची यात्रा भरते. आता हा शब्द सुटा करून पाहावा. 'देव' संस्कृत, 'मामला' अरबी, 'दार' फारसी, आणि हुद्दा इंग्रजी अमदानीतला. साधू झालेल्या माणसाची पूर्वाश्रमीची नोकरी लोक सहसा विसरतात. इथे त्यांनी ती मुद्दाम देवाच्या नावात ठेवली, कारण त्यांच्या लेखी ते देवपण खुर्चीवर बसूनच कमावलेले होते. कचेरीच्या पाटीवर आता 'तहसीलदार' आला. 'मामलेदार' देवळावर राहिला. सत्तेकडून रयतेची अपेक्षा काय असते, याचे इतके नेमके विधान माझ्या वाचनात दुसरे नाही.

पाट्या जे सांगत नाहीत तेही वाचले पाहिजे. सटाण्याच्या बाजारात कानांवर अहिराणी पडते. डोळ्यांना मात्र ती जवळजवळ कुठेच दिसत नाही. भाव तिच्यात ठरतो आणि दुकानाचे नाव प्रमाण मराठीत रंगवले जाते. भाषांची उतरंड पाठ्यपुस्तकातून समजावण्यापेक्षा विद्यार्थ्यांना बाजारपेठेतून एक फेरी मारायला लावावी.

या साऱ्याला घाई आहे. धाब्याची घरे पाडली जातात तेव्हा चौकटीवरची गणेशपट्टीही लाकूडफाट्यात जाते. पेंटरने हाताने काढलेल्या, कोपऱ्यात त्याची सही असलेल्या पाट्यांची जागा फ्लेक्सने घेतली आहे. २०२२ च्या कायदादुरुस्तीने दुकानांवरील देवनागरी अक्षरे इतर लिपींपेक्षा लहान नसावीत असे बजावले, ते योग्यच झाले. पण अक्षराचा आकार कायद्याने ठरतो, वळण ठरत नाही. आणि पेंटरागणिक बदलणारे ते वळण संगणकाच्या दोन-चार टंकांत विरून चालले आहे.

२०२५ मध्ये साल्हेर जागतिक वारसा यादीत गेला. त्याची काळजी वाहणारे आता पुष्कळ मिळतील. गणेशपट्टीला आणि रंगवलेल्या फळीला तसे कोणी मिळणार नाही. तालुक्याच्या गावी असलेल्या मराठी विभागांनी दरवर्षी एका वर्गाला एक पेठ वाटून द्यावी: छायाचित्र, मजकूर, ठिकाण, दिनांक आणि पेंटरचे नाव, एवढेच टिपायचे. प्रकल्पाच्या नावाखाली जुन्या वह्यांच्या नकला करवून घेण्यापेक्षा हे काम कठीण नाही. आक्षीचा लेख दगडावर होता म्हणून आपल्यापर्यंत पोचला. फळीवरचा मजकूर कोणी उतरवून घेतला तरच पुढे पोचेल.