उपासनेतले गाणारे गेले कुठे?

हल्ली रविवारच्या उपासनेत सगळ्यात मोठा आवाज स्पीकरचा असतो आणि सगळ्यात लहान आवाज लोकांचा. मी कोणा एका चर्चबद्दल लिहीत नाही. जळगाव-धुळ्याकडे मी जिथे जिथे जातो तिथे थोड्याफार फरकाने हेच दिसते. समोर पाच-सहा तरुण, प्रत्येकापुढे माईक, कीबोर्ड, ड्रम आणि मागे पडद्यावर शब्द. आम्ही बाकांवर नुसते ओठ हलवतो. आपलाच आवाज आपल्याला ऐकू येत नसेल तर माणूस गाणार कशाला?

यावर कोणी म्हणेल, म्हाताऱ्यांना जुने तेच सोने वाटते. म्हणू देत. माझे भांडण नव्या गाण्यांशी नाहीच. गाणाऱ्यांचे श्रोते झाले, याच्याशी आहे.

१९६० च्या सुमारास आमच्या साक्री तालुक्यात नाताळच्या आदल्या रात्री सतरंजीवर बसून भजन व्हायचे. एक पेटी, एक ढोलकी, चार टाळ आणि एक गॅसबत्ती. पुढचा एक ओळ म्हणणार, बाकीचे झील धरणार. सुरुवात संथ, मग लय चढत जायची. शेवटी ढोलकीवाला घामाने निथळायचा आणि पोरेसोरे उभी राहून टाळ्या पिटायची. घरात अहिराणी बोलणाऱ्या, अक्षरओळख नसलेल्या आजीबाई लांबलचक पदे कडव्यांमागून कडवी तोंडपाठ म्हणायच्या. मी आयुष्यभर मुलांना कविता पाठ करायला लावल्या, पण तसे पाठांतर वर्गात कधी साधले नाही. यात नवल नाही. आमच्या असोद्याच्या बहिणाबाई चौधरींना तरी कुठे लिहिता येत होते? खान्देशात गाणे कानातून मनात जाते.

हे नारायण वामन टिळकांनी ओळखले होते. १८९५ साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला तेव्हा इंग्रजी चालींवर बसवलेली भाषांतरित गीते चर्चमध्ये रूढ होती. इंग्रजी चाल शब्दातल्या आघातावर चालते, आपला अभंग आणि ओवी अक्षरांच्या मोजणीवर. त्यामुळे मराठी शब्द नको तिथे ताणला जातो, नको तिथे तुटतो. टिळकांनी अभंग, ओव्या आणि पदे लिहिली, कीर्तने केली. त्यांच्या आधी अहमदनगरच्या कृष्णराव सांगळ्यांनीही ख्रिस्ती कीर्तने केली होती. १९१९ मध्ये टिळक गेले, पण ‘उपासना संगीत’ उघडून पाहा, पानोपानी त्यांचे नाव भेटते.

आता एक आक्षेप वारंवार कानी येतो. टाळ-ढोलकी म्हणे ‘त्यांची’, आपल्याला शोभत नाही. असे म्हणणाऱ्यांनी स्तोत्रसंहितेतले १५० वे स्तोत्र वाचावे. त्यात डफ आहे, झांजा आहेत, नाचसुद्धा आहे. इलेक्ट्रिक गिटार मात्र नाही! मग परक्या मुलखातली गिटार पवित्र आणि आपल्या शेजारच्या आळीतले टाळ अपवित्र, हा न्याय कुठला?

दुसरा आक्षेप, तरुणांना हेच आवडते. बरे, पण त्यातले पाच-सहा समोर उभे असतात, उरलेले तरुण माझ्याच शेजारी गप्प बसलेले असतात. त्यांना गायला कोणी शिकवले? मार्टिन लूथरने १५२४ साली जर्मन भाषेत गीतांची पुस्तके काढली. त्याआधी उपासनेतले गाणे मुख्यतः पाद्री आणि गायकवृंद लॅटिनमध्ये गात. आपल्याकडे आता नवा गायकवृंद आला आहे, हातात माईक घेऊन. पाचशे वर्षांपूर्वी जे लोकांच्या हाती दिले ते आपण आपणहून परत करतो आहोत.

माझी मागणी फार मोठी नाही. महिन्यातून एका रविवारी स्पीकर बंद ठेवा. एक पद निवडा, पुढच्याने ओळ सांगावी, सगळ्यांनी ती परत म्हणावी. ज्या घरी म्हातारे माणूस आहे त्या घरी मोबाईल घेऊन जा आणि त्यांना येणाऱ्या चाली रेकॉर्ड करून घ्या. पुस्तकात शब्द राहतात, चाल राहत नाही. ती माणसाबरोबर जाते, आणि ती माणसे आता हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी उरली आहेत.

सूर चुकला तरी चालेल. देवाने काही गाण्याची परीक्षा ठेवलेली नाही. पण हजेरी मात्र प्रत्येकाने स्वतःच्या तोंडाने द्यायची असते.