टॅबलेट आपला, किल्ली कंपनीची!

पैसे आपण मोजायचे आणि वस्तू पूर्ण चालायची की नाही हे कंपनीने ठरवायचं, हा कुठला न्याय?

विषय पेन टॅबलेटचा आहे. टाळेबंदीत आपल्याकडच्या कितीतरी शिक्षकांनी पदरमोड करून घेतले. त्यात ज्यांच्या संगणकावर लिनक्स, त्यातले काही फसले. पेनाने बाण हलतो, पण जोर दिला तरी रेघ जाड होत नाही. दुकानदाराचं उत्तर ठरलेलं: "सर, विंडोज टाका."

मंडळी, खोट लिनक्सची नाही. पेन कुठे टेकलं, किती दाबलं, याचे आकडे टॅबलेट संगणकाला पाठवतो. पण काही टॅबलेट ठरावीक सांकेतिक विनंती येईपर्यंत साध्या माउससारखे वागतात. ती विनंती कंपनीच्या ड्रायव्हरलाच ठाऊक! खोक्यावर 8192 दाबपातळ्या, हातात माउस.

वॅकॉमचा ड्रायव्हर लिनक्सच्या गाभ्यात, म्हणजे कर्नलमध्येच आहे. लायसन्स जीपीएल आवृत्ती 2. कोणीही वाचा, सुधारा. फक्त पुढे वाटताना सोर्स कोडही द्या. कंपनी बुडाली का? नाही. ह्युऑनसारख्यांच्या टॅबलेटसाठी मात्र डिजिमेंड प्रकल्पातल्या स्वयंसेवकांनी यूएसबीवरचा संवाद टिपून, उकलून ड्रायव्हर लिहिले. तेही काम कर्नलमध्ये गेलं. माल कंपनीने विकला, घाम दुसऱ्यांनी गाळला.

"आता कंपन्याही लिनक्सचा ड्रायव्हर देतात की!" देतात, पण बऱ्याचदा बंद डबा. सोर्स कोड नाही. उद्या कंपनीने जुन्या मॉडेलकडे पाठ फिरवली की धडधाकट टॅबलेट भंगारात. आणि "गुपित फुटेल" म्हणणाऱ्यांना माझा साधा प्रश्न: टॅबलेट संगणकाशी कोणत्या भाषेत बोलतो हे कळल्याने कारखाना कसा चोरीला जातो?

खाजगी खरेदीत प्रत्येकाची मर्जी. पण झेडपी, नगरपालिका, शाळा जनतेच्या पैशाने खरेदी करतात. केंद्र सरकारचं मुक्त सोर्सला प्राधान्य देणारं धोरण 2015 पासून आहे. मग निविदेत एक ओळ का नको: "ड्रायव्हर जीपीएल लायसन्सखाली, सोर्स कोडसह, मूळ लिनक्स कर्नलमध्ये असावा"?

आपल्या गावात संगणक साहित्याची निविदा निघाली की ही ओळ शोधा. नसेल तर सदस्यांना विचारा, लेखी विचारा. मी तर विचारणारच आहे.